घोंगडीवाल्याचा डावा हात

रविवारची दुपार. नांदेडच्या घरात मुलगा टीव्हीपुढं मांडी घालून बसला होता. नवा गेम आणला होता त्यानं, मारामारीचा. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून बसलो होतो. पडद्यावर खेळाडूंची रांग लागली, एकेका चौकटीवरून उजेड सरकत गेला आणि शेवटच्या चौकटीशी थांबला. खांद्यावर काळी घोंगडी, पाय अनवाणी. लढाईआधी त्यानं घोंगडी काढून बाजूला भिरकावली आणि डावा हात पुढं केला. सरळ, लांब, धडधाकट डावा हात.

"हा म्हातारा झाला होता ना रे?" मी विचारलं.

"कोण?"

"हाच. ह्याचा डावा हात गेलेला. एक डोळापण."

मुलगा पडद्यावरची नजर न काढता हसला. "पप्पा, ते जुन्या भागांत. ह्या वेळी त्यांनी सगळी स्टोरी पहिल्यापासून सुरू केलीय. आता त्याला काही झालेलंच नाहीये."

मी पेपरची घडी घातली. आत जाऊन माठातलं पाणी प्यालो.  बाहेरच्या खोलीतून त्याच्या डाव्या हाताच्या फटक्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत तो आवाज तेवढा त्यांनी बदलला नव्हता.

घोंगडीवाला हे नाव आमचं. त्याचं खरं नाव पडद्यावर इंग्रजीत यायचं, पण लातूरच्या पार्लरमध्ये ते कुणाच्या तोंडी नव्हतं. तिथं प्रत्येकाचं बारसं झालेलं होतं. एक जाडा होता, धावत येऊन अंगावर पडायचा, तो हमाल. टक्कल असलेला, लांबूनच आग फेकणारा, तो प्राचार्य. आणि हा घोंगडीवाला. तो हसायचा. लढाई जिंकली की वाकून घोंगडी उचलायचा, दोनदा झटकायचा, खांद्यावर टाकायचा आणि आमच्याकडं बघून हसायचा. झटकताना पडद्यावर धुळीचे चार ठिपके उडायचे. ते ठिपके बघायला पोरं श्वास धरून उभी असायची.

मी लोह्याकडच्या खेड्यातला. अकरावी सायन्सला वडिलांनी लातुरात आणून सोडलं, तेव्हा सगळेच सोडायचे. बसूच्या घरात मला एक खोली मिळाली. पुढं दोरखंडाचं दुकान, मागं घर. कासरे, दावी, वेसणी, सुपं, चाळण्या. अंबाडीच्या वाखाचा ओलसर, गवतासारखा वास त्या घराच्या भिंतींत मुरलेला होता. माझ्या पुस्तकांनाही तो लागला. पुढं कितीतरी वर्षं एखादं जुनं पुस्तक उघडलं की आधी तो वास यायचा, मग अक्षरं दिसायची.

बसू म्हणजे बस्वराज, माझ्याच वर्गातला. त्याच्या पाठचा शिवलिंग, दोन वर्षांनी लहान. लिंगायतांचं घर, आईला अव्वा म्हणत, वडिलांना अप्पा. अव्वाच्या स्वयंपाकघरात सोवळं-ओवळं फार नव्हतं, पण अंड्याचा विषय काढायचा नाही. भूकंपाला दोन वर्षं होऊन गेली होती, तरी अव्वा अजून अंगणातच झोपायची. भिंतीतली भेग बुजवलेली होती. ती सकाळ-संध्याकाळ तिच्यावरून हात फिरवून बघायची, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तशी.

पार्लर गंजगोलाईच्या मागच्या बोळात. दाराला गोणपाटाचा पडदा, आत दोन मशिनी. पडदा उचलला की आधी वास भेटायचा. घाम, तापलेल्या वायरींचा वास, शेजारच्या गिरणीतून येणारा मिरचीचा ठसका. हारला तो उठला, हा नियम. पुढचा डाव ज्याचा, त्यानं टोकन काचेच्या कडेला ठेवायचं. बसू उठायचाच नाही. तो डावखुरा होता, आणि मशिनीचा दांडा डाव्या हातातच धरायचा असतो. त्याचं मनगट असं फिरायचं की आमची नजर दांड्यावर ठेवावी का पडद्यावर, कळायचं नाही. जिंकला की तो खांद्यावरचा टॉवेल दोनदा झटकायचा.

"ए बसू, किती धूळ उडवतो रे!"

"मग तू पुसून काढ की. हारून बसलास, काम तर कर कायतरी."

पार्लरच्या मालकाला सगळे मामा म्हणत. मामा उंचपुरा, सदा दाताला मिसरी लावलेला. मला तो मास्तर म्हणायचा, कारण पडद्यावरचं इंग्रजी मी वाचून दाखवायचो. मग सगळेच मास्तर म्हणायला लागले. खेळात मी ढ होतो. तिथली माझी इज्जत तेवढ्या वाचनावर होती.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

गॅसचा लायटर टोकन टाकायच्या फटीपाशी धरून टिकटिक केलं, की ठिणगीनं मशीन गंडायची आणि फुकटचा डाव चढायचा. ही युक्ती मला एका पोरानं कॉलेजात सांगितली होती. अव्वाच्या ओट्यावरचा लाल मुठीचा लायटर मी खिशात घातला. लायटर हरवला म्हणून अव्वा काडेपेटी वापरायला लागली. दुपारी पार्लर रिकामं असायचं, मामा पलीकडं जेवायला जायचा, तेव्हा मी एकटा यायचो. बसूला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तो नसताना, कुणी बघत नसताना, मला घोंगडीवाला खेळून बघायचा होता. मला त्याची घोंगडी एकदा तरी झटकायची होती.

पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. दुकान माणसांनी भरलेलं, बैलांच्या गोंड्यांचे लाल-पिवळे ढीग, अप्पांना घास खायला सवड नाही. मी पार्लरला गेलो तर मामा माझीच वाट बघून राहिलेला. त्यानं गोणपाट खाली सोडलं आणि हात पुढं केला. हातात लाल मुठीचा लायटर. आदल्या दिवशी मशिनीमागं पडला होता.

"मास्तर, तू खोटं बोलणार न्हाईस. हा कुनाच्या घरचा?"

"बसूच्या," मी म्हटलं. हे खरंच होतं.

"म्हंजे बसू करून राहिलाय हे?"

मी मान हलवली. उभी.

का हलवली, ते मला आजही सांगता येत नाही. मामा माझ्यावर कधी आवाज चढवून बोललाही नव्हता. "जा, अभ्यास कर," तो म्हणाला. मी गेलो आणि अभ्यासही केला. रसायनशास्त्राचं तिसरं प्रकरण.

संध्याकाळी मी बोळाच्या तोंडाशी उभा होतो. गिरणी चालू होती, पट्टा फटफट वाजत होता. मला काही ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकतो, आणि इतकी वर्षं मनाशी तसंच म्हणत आलो. पण ऐकू आलं होतं. मामाची शटर ओढायची आकड्याची लोखंडी सळई हाडावर बसते तेव्हा फार आवाज होत नाही. ओली फांदी मोडल्यासारखा होतो. मग बसू बाहेर आला. त्यानं उजव्या हातानं डावा हात पोटाशी धरला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"सायकलवरून पडलो म्हनून सांगायचं," तो मला म्हणाला. "अप्पांना पार्लरचं कळलं तर जीव घेतील."

दवाखान्यात नेलं असतं, तर फोटो काढला असता, प्रश्न विचारले असते. सायकलवरून पडलेल्याला कुणी दवाखान्यात नेत नव्हतं. किल्लारीकडं एक हाडवैद्य होता. भूकंपात लई लोकांची हाडं बसवली म्हणून त्याचं नाव झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी आम्हाला जीपमध्ये बसवून दिलं. हाडवैद्यानं मनगटाच्या वर चाचपलं, ओढलं, बसू किंचाळला. मग हळद, कापूस, कशाचा तरी पांढरा चिकट लेप आणि वर बांबूच्या कामट्या. "एकवीस दिस सोडू नगा," तो म्हणाला. "देव जरी आला सोडायला, तरी न्हाई म्हना."

 तिसऱ्या दिवशी अव्वाला वास लागला. पांढरा लेप म्हणजे अंड्याचा बलक काढून उरलेलं पांढरं होतं.

"माझ्या घरात, गळ्यात लिंग बांधलेल्या पोराच्या अंगावर?" ती फार ओरडली नाही. तिनं तांब्यात गरम पाणी आणलं, उडदाचं पीठ भिजवलं आणि कामट्यांचे दोरे सोडले. "मास्तर, तू धर रे हात. नीट धर."

मी धरला. एक तळवा कोपराखाली, एक मनगटाखाली. हात गरम होता, सुजून गुळगुळीत झालेला. ती लेप धूत असताना माझ्या बोटांखाली काहीतरी सरकलं. चिखलात पाय ठेवल्यावर तळातला खडा सरकतो तेवढंच. बसूनं डोळे मिटून दात खाल्ले. मी अव्वाकडं बघितलं, तिचं लक्ष नव्हतं. 'अव्वा, हाड हललं' हे तीन शब्द होते. तिनं उडदाचा लेप लावला, कामट्या बांधल्या, वर भस्माची तीन बोटं ओढली.

त्या पोळ्याला बसू ओसरीवर बसून बैलांची मिरवणूक बघत होता. आमच्याच दुकानातले गोंडे बैलांच्या शिंगांवर हलत होते. शिवलिंग घुंगरमाळा घ्यायला आत आला तशी बसूनं मान फिरवली. आदल्या आठवड्यात दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं आणि शिवलिंग चिडून म्हणाला होता, "मामाला सांगतो तुझं."

"शिवल्यानंच सांगितलं असंल," बसू हळूच म्हणाला. "लायटर बी त्यानंच नेला असंल, माझ्यावर घालाया. होय का न्हाई, मास्तर?"

मी मिरवणुकीकडं बघत म्हटलं, "असंल."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी त्या एका शब्दानं केलं. नंतर पास झालो, नोकरी लागली, लग्न झालं, घर बांधलं. ती सगळी लहान कामं.

शिवलिंगानं अव्वाच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी दाराआडून बघत होतो. त्याचा हात थरथरत होता, आणि बसूला वाटलं, खोटं बोलतोय म्हणून थरथरतोय. त्यानंतर घरात दोन पंगती व्हायला लागल्या. एक उठला की दुसरा बसायचा. अव्वा दोन्ही पंगतींना वाढायची आणि दोघांनाही तेच विचारायची, "भाकर गरम हाय का रे?"

एकवीस दिवसांनी कामट्या सोडल्या. हात मनगटापासून आत वळलेला होता. तीन बोटं मिटायची, दोन मिटत नव्हती.

दुसरा भाग आला तो सिद्धेश्वराच्या जत्रेत. तंबूत मशीन आणलेली. बाहेर रेवड्या, तळलेली भजी, बर्फाच्या गोळ्याचा रंग, आणि तंबूत तोच तापलेल्या वायरींचा वास. बसू खेळायला नाही, नुसता बघायला आला होता. घोंगडीवाल्याच्या चौकटीवर उजेड थांबला तसा सगळा तंबू गप्प झाला. एक डोळा बुजलेला. घोंगडी फाटकी, आणि ती त्यानं भिरकावली नाही. तिच्यातच त्यानं डावा हात छातीशी बांधून घेतला होता. हसत नव्हता. लढताना खांदा मारायचा, पायानं मारायचा. डाव्याचा फटका कुठंच नव्हता.

"आयला, ह्याचा बी डावा गेला!" बसू ओरडला. तंबू हसला. सगळ्यात मोठ्यानं बसू हसला.

लढाईच्या मध्ये काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन भागांमध्ये त्याचं काय झालं, ते तिथं लिहिलं होतं. त्याच्या डाव्या हाताचं बळ गेलं, एवढं. आणि पुढं, शत्रूला त्याचं नाव कुणी सांगितलं, हे त्याला कधीच कळलं नाही.

"मास्तर, काय लिवलंय?"

"ॲक्सिडेंट झाला म्हणतंय."

"कसला?"

"घोड्यावरून पडला."

बसू खूश झाला. "बघ! म्या सायकलवरून, ह्यो घोड्यावरून. दोघं बी येडे." तंबूबाहेर आल्यावर त्यानं टॉवेल झटकून बघितला, उजव्या हातानं. एकदाच झटकला.

बारावी झाली आणि मी लातूर सोडलं. शिवलिंग दहावीनंतर हैदराबादला गेला, कुठल्याशा कापडाच्या गोदामात. तिसरा भाग मी नांदेडला एका कॉम्प्युटरच्या दुकानात बघितला, एकट्यानं. त्यात घोंगडीवाला निवडायच्या यादीत नव्हताच. अगदी शेवटी, सगळ्यांना हरवल्यावर, तोंडावर लोखंडी मुखवटा घातलेला एक शत्रू समोर आला. घोंगडी नव्हती, नाव वेगळं होतं. पण माझा माणूस पहिल्या डावात पडला तसा त्यानं खांद्यावर नसलेलं काहीतरी दोनदा झटकलं. धुळीचे चार ठिपके उडाले. मी बटणांवरचे हात काढून घेतले. त्याला मारू दिलं. वेळ संपेपर्यंत तो मला मारत होता.

बसूचे फोन यायचे, वर्षा-दोन वर्षांतून. अप्पा गेले, अव्वा गेली. पाचेक वर्षांपूर्वी एकदा म्हणाला, "शिवल्या गेला, मास्तर. किडनीचं होतं. इथंच आणला मातीला. आमच्या रीतीनं बसवलेला होता, सगळे जवळ जाऊन तोंड बघत होते. म्या न्हाई बघितलं. मागं उभा राहिलो."

"वाईट झालं," मी म्हटलं.

मुलाच्या पडद्यावर तो सरळ हात बघितला, त्याच्या पुढच्या शनिवारी मी लातूरच्या बसमध्ये बसलो. लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबली. आमच्या गावचा एकजण खिडकीतून ओळखून म्हणाला, "कुठं, साहेब?" मी म्हटलं, "काम हाय." अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. सोयाबीन काढून झालेलं होतं, रानं मोकळी पडली होती. दर स्टँडवर मला उतरून परतायची गाडी पकडता आली असती.

पार्लरच्या जागी आता क्लासचं ऑफिस आहे, काचेच्या दारावर पास झालेल्या पोरांचे फोटो. गिरणीही नाही. दुकान मात्र तेच. नायलॉनचे दोर बाहेर, अंबाडीचे आत, थोडेच. तरी वास होता. बसू वेसणीला गाठ मारत होता. दोर डाव्या कोपराच्या वळणात अडकवायचा, एक टोक दातात, एक उजव्या हातात. केस पांढरे झालेले. भिंतीवर अप्पांचा आणि अव्वाचा फोटो, हार वाळलेले.

"मास्तर!" त्यानं दातातलं टोक सोडलं. "अगं ए, मास्तर आलाय, चहा टाक! कसकाय वाट चुकलास रे? पोट सुटलंय की लेका तुझं."

चहा आला. तो बोलत राहिला, पोरीच्या नोकरीचं, प्लास्टिकच्या सुपांचं. मी बशीत चहा ओतला आणि तो तसाच राहू दिला. मग सांगितलं. लायटर मी नेला होता इथून. मामानं विचारलं तेव्हा मान मी हलवली. शिवलिंगानं काही सांगितलं नव्हतं. अव्वानं पट्टी सोडली तेव्हा हाड हललेलं मला कळलं होतं. सगळं सांगायला चार-पाच वाक्यंच लागली. मला वाटलं होतं, तासभर लागेल.

बसू बशीकडं बघत होता. माझ्या बशीत साय धरली होती.

"शिवल्यानं न्हाई सांगितलं?"

"नाही."

"लायटर बी त्यानं न्हाई नेला?"

"नाही."

"अव्वाच्या गळ्याला हात लावला होता त्यानं." तो थांबला. "म्या म्हनलं होतं त्याला, अव्वा मेली तर तुझ्या शपतीनं मरंल. असं म्हनलो होतो म्या."

मी बशी उचलली आणि तशीच खाली ठेवली. 

तो उठला. मागच्या बाजूला गोणपाटांचा ढीग होता, त्याच्याखाली हात घालून त्यानं एक चौकट ओढून काढली. काचेवर वाखाची कुसं चिकटलेली. अव्वानं मरायच्या आधी करून आणली होती म्हणे, म्हणजे शिवलिंग जिवंत असताना काढलेला फोटो. बसूनं तो कधी भिंतीला लावू दिला नाही. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली. शिवलिंग पस्तिशीचा, जाड मिशी, डोळे अव्वाचे.

गल्ल्याच्या खणातून बसूनं खिळा काढला, हातोडी काढली. अव्वाच्या फोटोच्या बाजूला भिंतीवर बोट टेकवलं. बुजवलेली भेग तिथंच होती.

"खिळा धरायला माझा हात न्हाई," तो म्हणाला. "तू धर."

मी स्टुलावर गुडघा टेकून खिळा धरला, अंगठा आणि दोन बोटांत. अगदी टोकाजवळ धरायला हवा होता, मी डोक्याजवळ धरला. बसूनं माझ्या बोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याच्या उजव्या दंडाची शीर ताठ झाली. हातोडी त्यानं खांद्याच्या वर नेली, एवढ्याशा खिळ्यासाठी नेतात त्यापेक्षा बरीच वर, आणि तिथं ती थांबली.

"नीट धर," तो म्हणाला.

मी बोटं हलवली नाहीत.

हातोडी खाली आली. एक. दोन. तीन. चार. चारही घाव खिळ्याच्या माथ्यावर बसले. माझ्या बोटांना वारा लागला, बाकी काही नाही. भेगेतला गिलावा थोडा निसटून माझ्या मनगटावर पडला.

बसूनं फोटो अडकवला, उजव्या हातानं, आणि मागं सरकून बराच वेळ बघत राहिला. जे तोंड त्यानं मातीला बघितलं नव्हतं ते. मी स्टुलावरून उतरलो. मनगटावरचा गिलावा झटकायला दुसरा हात उचलला, आणि खाली घेतला.

"आता जा तू," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "दोघं भाऊ बसतो जरा."